कोरडवाहू मुलुखातला समुद्र

लग्नसराई सुरू झाली की दारव्हा, दिग्रस, पुसद, आर्णी अशा आमच्या जिल्ह्यातील कोणत्याही गावी मंगल कार्यालयाच्या फाटकावर वधूवरांचा जो भव्य फ्लेक्स झळकतो, त्यात हल्ली त्या उभयतांच्या पाठीमागे बहुधा समुद्र असतो. कधी तो अलिबागला किंवा गोव्याला जाऊन खरोखरच टिपलेला असतो, पुष्कळदा गावातल्याच स्टुडिओत संगणकाच्या कृपेने मागाहून चिकटवलेला असतो; आणि त्याच्या क्षितिजावर अर्धा बुडालेला नारिंगी सूर्यही न चुकता हजर असतो. ज्या यवतमाळपासून पूर्वेला जा की पश्चिमेला जा, पाचशे किलोमीटरांच्या आत समुद्र दृष्टीस पडत नाही, जेथील बहुसंख्य शेती अजून आभाळाच्या मर्जीवर चालते आणि जेथे पाण्याचा विचार विहिरीच्या तळाशी डोकावूनच करावा लागतो, त्या मुलुखातील तरुण-तरुणींना आपल्या आयुष्यातील सर्वांत खासगी भावनेचा जाहीरनामा काढताना पार्श्वभूमी म्हणून आपली पऱ्हाटी आठवू नये, टिपेश्वरचे सागवान आठवू नये आणि पुष्कळांनी कधी न पाहिलेला समुद्रच आठवावा, ही गोष्ट सहज हसून सोडून देण्यासारखी नाही.

सुशिक्षित मंडळी या फ्लेक्सला हसतात. मला त्यांच्या हसण्यात सामील होता येत नाही, कारण त्या तरुणांची ओढ मला अस्सल वाटते. खोटे आहे ते चित्र. त्या चित्रात समुद्राला काही कामच नसते. जुन्या फोटोग्राफरच्या दुकानात ताजमहाल रंगवलेला पडदा टांगलेला असे, तसाच हा पाण्याचा पडदा. तो काढून तेथे बर्फाचे डोंगर लावले तरी वधूवरांच्या मुद्रेवर रेषभर फरक पडणार नाही. प्रेमाची दोन माणसे पुढे उभी केली आणि मागे अफाट पाणी पसरले म्हणजे त्या पाण्यात प्रेम उतरते, हा समज ज्या भाबडेपणाने फ्लेक्सवाला बाळगतो, त्याच भाबडेपणाने तो दिवाणखान्यात सूर्यास्ताची तैलचित्रे लावणारे धनिकही बाळगतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की समुद्राच्या रूपाने प्रेमभावना रंगवायची झाली तर ती अमूर्त चित्रातच खरी रंगते. आणि तसले चित्र पाहून हेलावण्याची पात्रता समुद्रकाठच्या माणसापेक्षा आमच्यासारख्या कोरडवाहू मुलुखातील माणसापाशी तसूभरही कमी नाही, झालीच तर काकणभर अधिक आहे. पहिल्या विधानाला कलारसिक कदाचित मान डोलावतील. दुसऱ्याला ते हरकत घेतील, म्हणून ते अधिक विस्ताराने मांडले पाहिजे.

आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. तीच वर्धा पुढे वाहत येऊन यवतमाळ जिल्ह्याची पूर्वेकडील हद्द राखते. परंपरेने हे कौंडिण्यपूर म्हणजे विदर्भराज भीष्मकाची राजधानी, आणि म्हणून रुक्मिणीचे माहेर. भागवताच्या दशम स्कंधात या रुक्मिणीने, ज्याला तिने तोवर पाहिलेही नव्हते अशा श्रीकृष्णाला निरोप धाडला आणि तो घेऊन निघालेला ब्राह्मण समुद्राने वेढलेल्या द्वारकेला जाऊन पोचला. महानुभाव कवी नरेंद्राने आणि पुढे एकनाथांनी तिचे स्वयंवर मराठीत गायिले, आणि त्यामुळे ती कथा आमच्या घराघरांत रुजली. विदर्भातील प्रेमपत्रांची ही परंपरा पुढे कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांच्या ‘कुसुमानिल’पर्यंत अखंड चालत आली असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. परंतु माझे लक्ष वेधते ते एवढ्यावर, की निरोप धाडतेवेळी रुक्मिणीला कृष्णही ठाऊक नव्हता आणि समुद्रही. दोन्ही तिने केवळ ऐकून जाणले होते. तिच्या डोळ्यांपुढचा द्वारकेचा समुद्र कसा असेल? लाटांचे वळण, नावांची शिडे, शंख-शिंपले, कोळ्यांची जाळी हा तपशील तिच्यापाशी असण्याचे कारण नाही. तिच्यापाशी अंतर होते, ओढ होती, आणि त्या ओढीला मनाने बहाल केलेला कोणता तरी रंग होता. त्या मानसचित्राला अमूर्त म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. आणि द्वारकेच्या घाटावर रोज स्नान करणाऱ्या एखाद्या नागरिकाच्या मनातील समुद्रापेक्षा ते अधिक उत्कट होते, याविषयी निदान मला तरी शंका नाही.

पुराणकथेवर ज्यांची भिस्त नाही त्यांच्यासाठी जमिनीचा दाखला हजर आहे. आगगाडी येण्यापूर्वी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्याबरोबर किनाऱ्याकडचे मीठही अंतर्भागात आणीत. त्या तांड्यांचे वंशज आज दिग्रस, दारव्हा, पुसद या भागांत शेती करून आहेत, आणि समुद्र आमच्या पूर्वजांच्या घरी आला तो असा, चिमटीचिमटीने. जिल्ह्याचे पाणी मात्र त्याचे ऋण पूर्वेला फेडते: बेंबळा वर्धेला मिळते, अडाण आणि पूस पैनगंगेला, पैनगंगा पुन्हा वर्धेला, आणि मग प्राणहिता व गोदावरी करीत करीत सगळा हिशेब बंगालच्या उपसागरात जमा होतो. उलट कापूस मूर्तिजापूरपर्यंत ‘शकुंतला’ नावाच्या चिमुकल्या गाडीतून आणि तेथून मोठ्या लोहमार्गाने मुंबई बंदराकडे जात असे. पाणी पूर्वसमुद्राला आणि पीक पश्चिमसमुद्राला देऊन मध्ये कोरडा बसलेला असा हा जिल्हा आहे. शिवाय वणी, मुकुटबन, झरी-जामणी या बाजूला ज्या चुनखडकावर भट्ट्या आणि सिमेंटचे कारखाने चालतात, तो चुनखडक म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या मते, जमिनीवर झाडे आणि प्राणी अवतरण्याच्याही पूर्वीच्या एका समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ होय. पृथ्वीच्या दप्तरी आमची मूळ नोंद समुद्रतळ अशीच आहे. काळाने तेवढे आम्हाला बेदखल केले.

आता चित्रांकडे वळण्यापूर्वी एका कवीची साक्ष काढतो, कारण अमूर्त दृष्टी ही पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादलेली जकात आहे अशी तक्रार अजूनही ऐकू येते. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम आणि सीता लंकेहून पुष्पक विमानातून परत निघाले आहेत. दीर्घ वियोग संपलेला आहे, अग्निदिव्य होऊन गेलेले आहे, आणि अशा वेळी पतीने पत्नीशी पहिले बोलणे कोणते करावे, या पेचातून कालिदासाने जी वाट काढली ती केवळ त्यालाच सुचावी: राम तिला समुद्र दाखवतो. आपण कसे तळमळलो याचा पाढा तो आरंभी वाचत नाही. ज्या पाण्याने दोघांना एकमेकांपासून तोडले होते त्याच पाण्याचे कौतुक तो तिच्याजवळ करीत राहतो, आणि वाचकाला कळून चुकते की हेच त्याचे प्रणयाचे भाषण आहे. त्यातही पाहणारी दृष्टी उंचावरची आहे. तमाल आणि ताड यांची घनदाट वने असलेला किनारा त्या उंचीवरून लोखंडी चाकाच्या कडेवर धरलेल्या गंजाच्या बारीक रेषेएवढाच उरतो. झाड गेले, पान गेले, वाळू गेली. काळसर निळी रेषा तेवढी राहिली. अंतराने वस्तूंचा तपशील जप्त केला म्हणजे रेषा आणि रंग मागे उरतात, हे चित्रकलेतील सत्य कालिदासाला विमानाशिवाय आणि कॅन्व्हासशिवाय उमगले होते. ज्या मेघदूताचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले, त्या काव्याच्या कर्त्याला विरहाचे अंतर मोजता येत होते यात नवल कसले?

युरोपात ही दृष्टी चित्रकारांच्या हाती येण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. कास्पर डेव्हिड फ्रीडरिख हा बाल्टिक समुद्राकाठी जन्मलेला जर्मन चित्रकार. त्याने रंगवलेला समुद्रकाठचा संन्यासी १८१० मध्ये बर्लिनच्या अकादमीत लोकांपुढे आला. चित्रात वाळूची एक फिकट पट्टी आहे, तिच्यावर पाठमोरा उभा असलेला एक इवलासा माणूस आहे, त्यापलीकडे काळ्या पाण्याची अरुंद पट्टी आणि उरलेल्या सर्व कॅन्व्हासभर आकाश आहे. नवलाची गोष्ट अशी की फ्रीडरिखने त्या पाण्यावर आधी जहाजे रेखाटली होती आणि मागाहून ती रंगाखाली बुजवून टाकली. अवरक्त किरणांच्या साह्याने केलेल्या तपासणीत ती उघडकीस आली. माझ्या मते रोमँटिक चित्रकलेतील सर्वांत धाडसी कृत्य म्हणजे हे बुजवणे. जहाज असते तर पाहणाऱ्याला कथा मिळाली असती: कोणी तरी येणार आहे, कोणी तरी गेले आहे, किंवा बुडाले आहे. जहाज गेल्यावर कथा गेली आणि निखळ ओढ तेवढी उरली, जिला पत्ता नाही आणि मुदत नाही. हाइनरिख फॉन क्लाइस्ट या लेखकाने त्याच वर्षी आपल्या वर्तमानपत्रात या चित्राविषयी लिहिताना, ते पाहणाऱ्याची अवस्था पापण्या कापून टाकलेल्या माणसासारखी होते अशा आशयाचे उद्गार काढले. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या चार पानी दैनिकाला चित्रावर असे लिहिणे परवडत होते, हे आजच्या संपादकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

इंग्लंडात टर्नरने १८४२ मध्ये बर्फाच्या वादळात सापडलेली वाफेची बोट रंगवली तेव्हा टीकाकारांना तीत साबणाचा फेस आणि भिंतीचा चुना दिसला. बोट तीत आहे, परंतु ती वादळाच्या भोवऱ्यात इतकी विरघळून गेली आहे की पाणी, वाफ, हिम आणि धूर यांच्या हद्दी कोणत्याही भूमापकाला आखता येऊ नयेत. हद्दी पुसल्या जाणे हा प्रेमाचाही धर्म आहे; आणि ज्याने तो एकदा तरी अनुभवला असेल त्याला टर्नरचे ते चित्र वादळाचे आहे इतकेच सांगणे अपुरे वाटेल. अमेरिकन कलासमीक्षक रॉबर्ट रोझेनब्लम याने १९७५ च्या आपल्या ग्रंथात फ्रीडरिखपासून रॉथकोपर्यंत एकच धागा ओढून दाखवला, आणि विसाव्या शतकातील अमूर्त चित्रकारांना एकोणिसाव्या शतकातील रोमँटिकांचे वारस ठरवले. सगळ्या वारसांना हा वारसा मान्य नव्हता. पण वारसा असा कोणाच्या कबुलीवर कुठे थांबतो?

आमच्याकडे या वारशाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत नाखूश हक्कदार म्हणजे वासुदेव संतू गायतोंडे. घराणे गोव्याचे, परंतु जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४ चा. म्हणजे हा समुद्राचा चित्रकार जन्मला तो विदर्भात, याचा विदर्भातील रसिकांनी आजवर फारसा गवगवा केलेला नाही. बालपण गोव्यात आणि गिरगावात गेले, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका १९४८ मध्ये मिळाली, १९५० च्या सुमारास प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध आला. त्या काळची त्यांची चित्रे अगदी आकृतिप्रधान नसली तरी ओळखीची होती. लघुचित्रांचे रंग आणि पॉल क्ले याची रेषा त्यांत डोकावे. मग वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करण्यास जागा मिळाली. त्या इमारतीत नाटकवाले, सतारवाले, नर्तक, चित्रकार यांची वर्दळ असे, आणि समोर अरबी समुद्र असे. गायतोंडे तासन्‌तास त्या समुद्राकडे पाहत बसत अशी आठवण त्यांचे समकालीन सांगत आले आहेत. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांच्या कॅन्व्हासवरील आकृत्या हळूहळू विसर्जित झाल्या आणि आडव्या, स्तरांनी बनलेल्या, आतून उजळणाऱ्या रंगाच्या पसरणी आल्या. ब्रश जवळजवळ सुटला. रोलर आणि रंगपट्टीची सुरी हाती आली. पातळ केलेल्या रंगाचा थर द्यायचा, तो खरवडायचा, त्यावर दुसरा द्यायचा, कागदाचे कपटे लावून काही रंग उचलून घ्यायचा, आणि वाट पाहायची. वर्षाकाठी पाच-सहा चित्रांपलीकडे हा गृहस्थ गेला नाही. ज्या व्यवसायात तैलरंगाच्या नळ्या संपवण्याच्या वेगावर प्रतिष्ठा मोजली जाते, त्यात ही संथता म्हणजे जवळजवळ असहकारच होता.

येथे मला सर्वांत गंभीर आक्षेपाला तोंड दिले पाहिजे, कारण तो स्वतः गायतोंड्यांचाच आहे. आपली चित्रे कशाचीही नाहीत, समुद्राचीही नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. आपली कला वस्तुनिरपेक्ष आहे असे ते आग्रहाने सांगत, आणि चित्रांना नाव देण्याचेही बहुधा टाळत. झेन विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज, कृष्णमूर्ती यांच्याकडे त्यांचा ओढा. त्यांच्यासारख्या अलिप्त माणसाच्या माथी प्रणयभावना मारणे हा उघड अन्याय आहे, असे कोणी म्हणेल. मी हा आक्षेप अर्धा मान्य करतो. त्यांनी समुद्राचे चित्र काढले नाही, हे खरे. परंतु वर्षानुवर्षे जे डोळ्यांत साठवले त्याचा निचरा हातातून झालाच नाही, असे सांगण्याचा अधिकार चित्रकारालाही पूर्णांशाने नसतो. आणि प्रेमभावना म्हणजे केवळ उचंबळ, उसासे आणि चंद्र, असे समजणाऱ्यांनी तिचे थोडेच दप्तर उघडले आहे. ज्याला आपण प्रेम म्हणतो त्यातील बराच मोठा हिस्सा वाट पाहण्याचा असतो, गप्प राहण्याचा असतो, जे आपले नाही त्याच्यासमोर ते हिरावून घेण्याची इच्छा न धरता उभे राहण्याचा असतो. कोरड्या थराची वाट पाहत बसणारा, आणि लावलेला रंग पुन्हा खरवडून काढणारा चित्रकार या हिश्श्याचा जाणकार असतो. ज्या निळ्या आणि हिरवट पसरणीत कोठेही लाट नाही, तरी पाहणाऱ्याचा श्वास लाटेच्या लयीने चालू लागतो, तिला भावनाशून्य म्हणणे मला शक्य नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी माझ्या पक्षाला बळकटी आणते. १९७२ च्या सुमारास गायतोंडे मुंबई सोडून दिल्लीस निजामुद्दीनमध्ये राहावयास गेले. समोरचा समुद्र सुटला. पुढे १९८४ च्या अपघाताने मोठे कॅन्व्हास हाताळणेही काही वर्षे बंद झाले आणि ते कागदावरच्या शाईच्या कामाकडे वळले. परंतु त्या कोरड्या, धुळीच्या शहरात त्यांच्या चित्रांतील खोली उणावली नाही. ती अधिक गूढ झाली असे माझे मत आहे. समुद्र डोळ्यांपुढे होता तेव्हा चित्रांत त्याचे काही व्यवहारी अवशेष, क्षितिजाची आडवी खूण, ओल्या खडकाचा काळेपणा, सापडत असत; समुद्र दुरावल्यावर तो पूर्णपणे चित्राचाच झाला. वणीचा किंवा उमरखेडचा मनुष्य या चित्रांपुढे उभा राहिला तर तो चित्रकाराच्या उत्तरायुष्यातील जागीच उभा असतो: समुद्रापासून दूर, आणि समुद्राने भरलेला.

दुसरा दाखला वऱ्हाडचाच आहे. अंबादास, एवढ्या एकाच नावाने जगभर ओळखले गेलेले चित्रकार, १९२२ मध्ये अकोल्यास जन्मले. जे. जे. मधून शिकून बाहेर पडले, आणि १९६३ मध्ये दिल्लीत भरलेल्या ‘ग्रुप १८९०’ च्या त्या एकमेव प्रदर्शनात जगदीश स्वामीनाथन, जेराम पटेल, हिम्मत शहा प्रभृतींच्या बरोबरीने सहभागी झाले. त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेला मेक्सिकोचे तेव्हाचे राजदूत आणि कवी ओक्ताव्हिओ पाझ यांनी प्रस्तावना लिहिली. अंबादासांनी एका नॉर्वेजियन स्त्रीशी विवाह केला आणि १९७२ च्या सुमारास ते ऑस्लोला कायमचे गेले. गायतोंडे समुद्र सोडून दिल्लीत आले त्याच सुमारास अकोल्याचा हा माणूस उत्तर समुद्राच्या एका फाट्यावर वसलेल्या नगरीत जाऊन राहिला, आणि २०१२ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिला. त्यांच्या कॅन्व्हासवर रंगाच्या दाट, लवचिक, एकमेकींत गुरफटणाऱ्या धारा आहेत. त्यांत वर-खाली नाही, काठ नाही, मध्य नाही. पाहणाऱ्याला त्यांत भरतीच्या पाण्याची ओढ दिसते, आणि काही वेळाने पुरात सापडलेल्या काळ्या मातीची घळणही दिसते. मला ते दोन्ही अर्थ एकदम दिसतात, आणि त्यांपैकी एक निवडण्याची सक्ती मी स्वतःवर करून घेत नाही. गायतोंड्यांच्या चित्रात प्रेम थांबलेले आहे, अंबादासांच्या चित्रात ते धावत सुटले आहे. प्रेमापायी एखादा वऱ्हाडी माणूस किती दूर जाऊ शकतो याचे मोजमाप करायचे झाल्यास अकोला ते ऑस्लो हे माप पुरेसे आहे. आणि तरी, इतक्या दूर गेलेल्या या कलावंताचे एकही चित्र शालेय पुस्तकातून वा वाचनालयाच्या भिंतीवरून माझ्या पाहण्यात आले नाही.

“पण साहेब, ते कळत नाही,” हा जबाब मला ठाऊक आहे. मूर्तिजापूरने मराठीला दोन माणसे दिली: एक कवी अनिल, दुसरे वसंतराव देशपांडे. वसंतरावांचा मारवा ज्यांनी ऐकला आहे, आणि आमच्या जिल्ह्यात असे कानसेन थोडे नाहीत, त्यांनी कधी विचारले काय की हा सूर्य नेमका कोठे मावळला आणि ही व्याकुळता कोणाविषयी आहे? आलापात शब्द नसतो, वस्तू नसते, कथा नसते. तरी श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि त्याबद्दल तो कोणाकडे खुलासा मागत नाही. कानाला आपण जी मुभा पिढ्यान्‌पिढ्या दिली, ती डोळ्याला देण्यास मात्र आपण तयार नाही. याचे एक कारण मला शाळेत दिसते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांसाठी तयारी करणारे मूल समुद्र काढते तेव्हा दोन नारळाची झाडे, एक शिडाची होडी, आणि आकाशात इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे पाच पक्षी काढते. ते आयुष्यात समुद्राजवळ गेलेले नसते. त्याने समुद्र काढलेला नसतो, गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा कागद काढलेला असतो. त्याच मुलाने सगळा कागद एकाच निळ्याने, कोठे दाट कोठे विरळ, भरून टाकला तर गुण जातील या धास्तीने शिक्षकच त्याचा हात धरतात. मी त्या शिक्षकांना दोष देत नाही. परीक्षेचा कागद हा परीक्षेचाच कागद असतो. पण त्या मुलाला निदान एकदा तरी परीक्षेबाहेरचा कागद मिळावा.

आणि मग येतो तो आक्षेप, ज्याच्यापुढे आवाज खाली आणावा लागतो. ज्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे, ज्याच्या मदतीसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांना विशेष योजना जाहीर करावी लागली, त्या जिल्ह्यात अमूर्त चित्रांची चर्चा करणे हा निलाजरेपणा नाही काय? त्यातच या चित्रांच्या किमती. गायतोंड्यांचे एक चित्र २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेले, आणि १९६१ च्या एका चित्राला २०२१ मध्ये जवळजवळ ४० कोटी मिळाले. चित्रकार स्वतः २००१ मध्येच निवर्तले होते. कापसाच्या क्विंटलमागे शे-दोनशे रुपयांसाठी ज्याला खरेदी केंद्रावर रात्र काढावी लागते त्याला हे आकडे सांगताना मला संकोच वाटतो, आणि तो वाटला पाहिजे. तथापि या आकड्यांचा चित्रांतील भावनेशी काडीचा संबंध नाही. ते आकडे श्रीमंतांनी एकमेकांना सांगितलेली गोष्ट आहे. आणि शेतकऱ्याला हमीभाव द्यावा की चित्र दाखवावे, असा सवाल टाकणारे बहुधा दोन्ही न देणारेच असतात असा माझा अनुभव आहे. दुःखी माणसाच्या भावनांना शिधापत्रिकेवर आणून ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? कर्जाखाली दबलेल्या घरातही कोणी तरी कोणाची तरी वाट पाहतच असते, आणि तिथेही कोणाला तरी रात्री झोप येत नाही. ज्या भावनेला नाव देण्याची सोय नाही तिच्यासमोर काही क्षण बसावे, एवढी सवड मागणे ही चैन नव्हे.

म्हणून माझी मागणी आहे ती माफक आहे. राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाच्या आणि ललित कला अकादमीच्या संग्रहातील चित्रे सरकारी पैशाने, म्हणजे दिग्रस-घाटंजीच्याही पैशाने, खरेदी झालेली आहेत. त्यांच्यावर आमचा हक्क मुंबई-दिल्लीच्या नागरिकांइतकाच पोचतो. साहित्य संमेलन यवतमाळला १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. मंडप पडले, वाद झाले, ग्रंथांची विक्री झाली, आणि जिल्ह्याने दोन्ही वेळा पाहुण्यांचे आतिथ्य केले. असे आतिथ्य चित्रांचेही व्हावे. मूळ चित्रे येईपर्यंत उत्तम छापील प्रती, त्याही मूळ आकाराच्या, कारण हातभर चित्राची वीतभर प्रत म्हणजे बादलीत दाखवलेली भरती होय, तालुक्याच्या वाचनालयांतून फिरवाव्यात. जेथे लावतील तेथे ट्यूबलाइट थेट काचेवर पडू देऊ नये. समोर बाक ठेवावा, आणि तो पाठीचा असावा, कारण बसणारा लवकर उठू नये हाच हेतू आहे. मार्गदर्शनपर भाषण करणाऱ्याला पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ मुक्रर करू नये. मंत्रिमहोदय आले तरी हा नियम शिथिल करू नये. चित्राखाली ‘समुद्र’ अशी पाटी लावण्याचा उत्साह संयोजकांनी आवरावा. चित्रकाराचे नाव, साल आणि माध्यम पुरेसे आहे. ज्याला त्यात समुद्र दिसेल त्याला दिसेल, ज्याला पेरणीनंतरचे काळे शेत दिसेल त्यालाही कोणी दुरुस्त करू नये, आणि ज्या नवपरिणीत जोडप्याला त्यात काहीच न दिसता नुसते शेजारी बसावेसे वाटेल त्याला पहारेकऱ्याने उठवू नये. तूर्त एवढी तरतूद झाली तरी पुष्कळ. मूळ चित्रांचा विमा, वातानुकूलन आणि रात्रपाळीचा पहारा यांचा मसुदा पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी घेता येईल.